अप्पांचा सोलो आणि पेटीचं 'नको'

स्टुडिओच्या आतल्या खोलीत आजीला बसायला खुर्ची मिळाली, ती बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. एरवी ती दारापर्यंत यायची, डबा ठेवायची आणि आल्या पावली परत जायची. आत नाती चालत नाहीत, हा अप्पांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, नियम. त्या दारातून आत गेलं की माणूस आपल्या वाद्याच्या नावानं ओळखला जायचा आणि प्रत्येकाला अहो-जाहो, मग तो वीस वर्षांचा ड्रमर का असेना. "बेस, जरा हळू घ्या." "पियानो, पाणी हवंय का?" अप्पा स्वतः गिटार. पुढे प्रोड्यूसर होऊन मिक्सरच्या टेबलाशी बसायला लागले तेव्हा टेबल. आजी दारात दिसली की आतून कुणीतरी सांगायचं, "डबा आला." एवढ्या वर्षांत त्या खोलीत आजीचं नाव डबा, आणि तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. "निदान रिकामा तरी म्हणत नाहीत," म्हणायची.

आज मात्र तिला मिक्सरच्या मागच्या मऊ खुर्चीत बसवलं होतं. शेजारी तिची मुलगी, म्हणजे आत्या, मोबाईल सरसावून. आत्या स्टुडिओचे फोन सांभाळते, पण खालच्या मजल्यावर. या खोलीत तिलाही कधी बसायला मिळालं नव्हतं. भिंतीला टेकून उभा होता अप्पांचा मुलगा, चष्म्याचं दुकान दुपारपुरतं बंद करून आलेला. त्याला सगळे चष्मेवालाच म्हणतात, आजीसुद्धा. कोपऱ्यात जमिनीवर मांडी घालून गायिका, जिचं गाणं होतं ती. आणि मिक्सरसमोर चष्मेवाल्याची मुलगी पेटी. तिची आई कामावर गेली की हिला अप्पांकडे सोडायचे आणि ही बाहेरच्या खोलीत, गिटारच्या उघड्या पेटीतल्या मखमलीवर झोपायची, म्हणून पेटी. आता सव्वीस वर्षांची घोडी झाली तरी नाव तेच.

काचेच्या पलीकडे स्टुलावर अप्पा. मांडीवर गिटार, कानांवर हेडफोन.

"बोटं आखडलीत का बघ गं," आजी आत्याच्या कानात म्हणाली.

"आई, इथून कशी दिसणार?"

"मला दिसतात."

आजीला दिसणारच. दोन वर्षांपूर्वी अप्पांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांचं ऑपरेशन झालं. नंतर आठ महिने एक पिवळा रबरी चेंडू घरात कुठे ना कुठे पायाखाली यायचा. सकाळी दोनशे वेळा दाबायचा, संध्याकाळी दोनशे वेळा. आजी मोजायची, कारण अप्पा मध्येच आकडे गाळायचे. त्या दिवसांत त्यांच्या शर्टाची बटणं तीच लावत होती, आणि बटणं लावून घेताना हा माणूस छताकडे का बघतो, ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे पेटीनं जेव्हा घरी येऊन सांगितलं की मी करतेय त्या गाण्यात सोळा ठोक्यांची जागा मोकळी आहे, अप्पा, वाजवाल का, तेव्हा आजीनं अप्पांच्या आधी हो म्हटलं.

"गिटार, टेप चालू," पेटी म्हणाली.

"चालू द्या, टेबल."

अप्पांनी पहिला स्वर इतका हळू लावला की आजीला वाटलं, झालं, बोट लागलं नाही. मग तो स्वर वर जायला लागला. तार वाकवत वाकवत त्यांनी तो असा काही वर नेला की आत्याचा मोबाईल धरलेला हात खाली आला. पुढचं सगळं आजीनं कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकलं. ती दोन बोटं. शर्टाचं बटण सापडत नव्हतं ज्यांना, ती बोटं तारांवर पळत होती, थांबत होती, नेमक्या जागी येऊन बसत होती. शेवटचा स्वर विरला तेव्हा आजी उघड रडत होती आणि तिला त्याची काडीची लाज वाटत नव्हती. हा माझा नवरा आहे, असं तिला त्या क्षणी रस्त्यावर जाऊन सांगावंसं वाटलं.

पेटीनं गाणं थांबवलं नाही. सोलो संपल्यावर शेवटचं कडवं येतं, तेवढं पुरं होऊ दिलं, आणि मग टेप बंद केली. टेप बंद झाली तसा मिक्सरच्या कडेला एक छोटा हिरवा दिवा लागला.

"म्हण आता," आत्या म्हणाली. "घेतलं म्हण."

टेबलाशी बसणाऱ्यानं तीनच शब्द वापरायचे असतात: 'घेतलं', 'परत' आणि 'नको'. चौथा शब्द वापरणारा वेळ काढत असतो, असं अप्पा सांगत. गेल्या वर्षी एका सकाळी त्यांनी आपली खुर्ची उचलून मागे नेली आणि वर्तमानपत्र उघडून बसले. "आजपासून टेबल तुम्ही," एवढंच म्हणाले. तेव्हापासून पेटीनं हे तीन शब्द कितीकांना ऐकवले होते. अप्पांना नव्हते.

तिनं हिरव्या दिव्याकडे पाहिलं.

त्या दिव्याची गोष्ट तिला तोंडपाठ होती. अप्पा पंचविशीत असताना दुसऱ्यांच्या स्टुडिओंत वाजवायला जायचे. बँड मोठे असायचे, फोटो त्यांचे, पोस्टर त्यांची. पण रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांच्या गिटारवाल्याचं घोडं अडलं की अप्पांना बोलावणं यायचं. बाजूच्या दारानं आत जायचं, वाजवायचं, बाजूच्याच दारानं बाहेर. मग बँडचा गिटारवाला रेकॉर्ड ऐकून अप्पांचं वाजवणं शिकायचा. अशी चारशेच्या वर गाणी. अप्पांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "लोकांनी गाण्याचं नाव घ्यावं," म्हणायचे. "गिटारचं घेतलं की समजायचं, मी कुठेतरी पाय पसरले." त्यांना वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं. वाजवून झालं की काचेपलीकडे चार-पाच जणांचे ओठ हलायचे आणि हेडफोनमध्ये शांतता. आपल्याबद्दल बोलतायत, एवढंच कळायचं. एकदा असे वीस मिनिटं बसून राहिले, आणि मग कुणीतरी येऊन सांगितलं की गिटार भरून ठेवा. म्हणून स्वतःचा स्टुडिओ बांधला तेव्हा त्यांनी वायरमनला पहिलं काम सांगितलं ते हे: टेप थांबली की टेबलावरचा माइक आपोआप चालू झाला पाहिजे. हिरवा दिवा लागला की या खोलीत जे बोललं जाईल ते वाजवणाऱ्याला ऐकू जाईल. "जे माझ्या तोंडावर बोलवत नाही, ते काचेमागे बोलायचं नाही."

वाजवायला येणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. आजीला आणि आत्याला कुठून असणार, त्या कधी आत बसल्याच नव्हत्या. पेटीला माइक बंद करायला एक बोट पुरलं असतं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"नको," ती म्हणाली.

"नको म्हणजे?" आत्यानं विचारलं.

"वाजवलंय अप्रतिम. या गाण्यात नको."

काचेपलीकडे अप्पा मान खाली घालून फडक्यानं तारा पुसत होते. आजी आणि आत्या समजल्या की त्यांना काही ऐकू गेलेलं नाही, कारण पेटीनं कुठलंच बटण दाबलं नव्हतं. त्यामुळे मग दोघींनी मोकळ्या घशानं बोलायला सुरुवात केली.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" आत्या म्हणाली. "अगं, माझ्या अंगावर काटा आला. मी चार जणांना सांगून बसलेय की अप्पा परत वाजवतायत."

"वाजवतायत ना. खोटं कुठे आहे?"

"शब्दांत पकडू नकोस मला. म्हातारपणी तेवढाच आनंद माणसाला, तोही तू मोजून मापून देणार?"

"आत्या, हळू."

"का हळू? काच आहे मध्ये."

आजीनं डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "पेटी, इकडे बघ. आठ महिने मी त्या माणसाला चेंडू दाबताना बघितलंय."

"चेंडू मीच आणला होता, आजी."

"मग? आज तू नको म्हणालीस की ती गिटार कपाटावर जाईल. मी ओळखते त्यांना. खाली नाही उतरणार ती पुन्हा. मला या वयात ते बघायचं नाहीये."

पेटीला हीच तर भीती होती. रात्रभर नव्हे, गेले दोन महिने ती याच भीतीनं हे रेकॉर्डिंग पुढे ढकलत होती. तिला एका शब्दात सगळ्यांना खूश करता आलं असतं आणि संध्याकाळी सगळे मिळून गाडीत बसून गाणं ऐकत घरी गेले असते.

"ठेवा ना त्यांचं," कोपऱ्यातून गायिका म्हणाली. दिवसभर एका कंपनीत लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेण्याचं तिचं काम. सगळ्यांना हो म्हणायची सवय लागलेली. "खरंच ठेवा. मी शेवटचं कडवं पुन्हा जरा जोरात म्हणेन."

"ऐकलंत?" पेटी आजीकडे वळली. "आता ही जोरात म्हणणार. त्या कडव्यात काय आहे? बहीण झोपलीय, आणि ही तिला न उठवता निरोप घेतेय. ते जोरात म्हणायचं? अप्पांच्या सोलोनंतर तिचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, बिचारी मध्ये बोलल्याबद्दल माफी मागतेय. गाणं तिचं आहे, आजी."

आजीला यातलं अर्धंच पटलं आणि तेही पटवून घ्यायचं नव्हतं. तिनं शेवटचा हुकमी उपाय काढला. "अरे चष्मेवाल्या, तू तरी सांग तिला. मुलगी तुझी आहे."

चष्मेवाला आईच्या शब्दाबाहेर नसायचा. घरात कुठलाही वाद होवो, तो आजीच्या बाजूनं दोन वाक्यं बोलायचा आणि दुकानात जायचा. आत्यानं तर त्याचं मत धरूनच टाकलं होतं. पण तो काचेकडे बघत होता. या काचेच्या पलीकडे तो एकदाच बसला होता, तेहेतीस वर्षांपूर्वी, एकविसाव्या वर्षी, ड्रम्सच्या मागे.

"ती बरोबर बोलतेय, आई."

"तू पण?"

"तुला ते गाणं आठवतं ना? ज्याच्यावर मी वाजवलंय?"

"आठवतं म्हणजे काय. अजून दुकानादुकानांतून लागतं. मी सांगते सगळ्यांना, हे ड्रम्स माझ्या मुलाचे."

"माझ्या दुकानात लागलं की मी रेडिओ बंद करतो," चष्मेवाला म्हणाला. "तिसऱ्या कडव्यात मी मागे पडलोय त्यात."

"कुणाला कळतं ते?"

"अप्पांना कळलं होतं. मी समोरून बघत होतो. त्यांची भुवई वर गेली. आता 'परत' म्हणतील म्हणून मी काठ्या उचलून धरल्या. आणि अप्पा म्हणाले, 'घेतलं रे.' पहिल्याच टेकला. दुसऱ्या कुणालाही त्यांनी दहा वेळा वाजवायला लावलं असतं आणि काढून घेतलं असतं त्याच्याकडून. माझ्याकडून नाही काढलं. तेव्हाच मला कळलं की हा माणूस मला ड्रमर समजत नाही, मुलगा समजतो."

आजीनं पदर चाळवायचं थांबवलं.

"तू तर म्हणालास तुला दुकान काढायचंय," ती म्हणाली.

"काढायचं होतंच, आणि आवडतंही. पाव नंबर चुकला तरी मी भिंग परत पाठवतो, गिऱ्हाईक कितीही चालेल म्हणालं तरी. हे मी कुठून शिकलो असेन?" त्यानं पेटीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "आज हिनं अप्पांच्या सोलोला 'घेतलं' म्हटलं, तर ते प्रेमापोटी म्हटलंय हे त्यांना जिना उतरायच्या आत कळेल. मग गिटार नक्की कपाटावर जाईल, आई."

पेटीनं वळून बापाकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत तिला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. तिला त्याचा हात धरावासा वाटला, पण आत नाती चालत नव्हती.

"सातव्या ठोक्यापासून," स्पीकरमधून अप्पांचा आवाज आला.

आजी दचकून छताकडे बघायला लागली. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. "हे... यांना ऐकू येतंय?"

पेटीनं हिरव्या दिव्याकडे बोट केलं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि तू आम्हाला बोलू दिलंस?"

"नियम आहे, आत्या. अप्पांचाच."

"फोन," अप्पा आत्याला म्हणाले, "म्हातारपणी तेवढाच आनंद, हे ऐकलं बरं का मी."

आत्यानं मोबाईल पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन दोनदा लावली.

"तिसरं कडवं," अप्पा पुढे म्हणाले. "सातव्या ठोक्यापासून मागे पडलायस."

"आठव्या," चष्मेवाला म्हणाला.

"सातव्या. तेहेतीस वर्षं ऐकतोय मी."

"मीही तेवढीच ऐकतोय."

अप्पांनी मांडीवर बोटांनी ठोके मोजले. मग म्हणाले, "सातवा अर्धा, आठवा पूर्ण. जाऊ दे. मी भ्यायलो होतो रे. वाटलं, 'परत' म्हटलं की तुझं मन मोडेल. टेबलाशी बसलेल्यानं भ्यायचं नसतं. चुकलंच माझं. ते मला तेव्हाच, या खोलीतच तुला सांगायला हवं होतं."

चष्मेवाल्यानं मान हलवली. अप्पांनी गळ्यातला पट्टा सरळ केला.

"टेबल, नको का, ते सांगा."

पेटीनं घसा साफ केला. "तुम्ही पाय पसरलेत, गिटार."

मग अप्पा हसायला लागले. इतके हसले की हेडफोन एका कानावरून घसरला. "पसरले. कबूल आहे. दोन वर्षांनी मोकळे झाले, राहवलं नाही. चारशे गाण्यांत एकदा वाटलं, दिसावं आपण." मग ते आजीकडे वळले. "डबा, ऐकताय ना? तुमच्या नातीनं मला नको म्हटलंय. माझ्या तोंडावर, माइक चालू असताना, घरचे सगळे उलट असताना. मला पोराला एक 'परत' म्हणता आलं नाही आणि हिनं हे केलं. एवढा अभिमान मला माझ्या एकाही सोलोचा वाटला नव्हता. सांगा रस्त्यावर जाऊन कुणाला सांगायचं ते."

आजीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. मग पेटीच्या पाठीत एक हलका धपाटा घातला. "शहाणी झालीस हं. पण ती टेप पुसायची नाही. मला हवीय."

"तुझ्यासाठीच ठेवलीय, आजी."

"मग आता गिटारनं काय करायचं?" अप्पांनी विचारलं.

"सोळा ठोके रिकामे सोडायचे. शेवटच्या कडव्यात तिच्यामागे उभं राहायचं, दारात उभं राहिल्यासारखं. ती गेली की निघून जायचं."

अप्पांनी एकदा मान डोलावली. टेप चालू झाली. सोळा ठोके नुसती पोकळी गेली, आणि मग गायिकेच्या आवाजाखाली दोन तारा, हाताच्या कडेनं अर्ध्या दाबलेल्या. तीन स्वर. थांबून पुन्हा तीन. आत्याला आधी वाटलं, वाजवतच नाहीत. मग तिच्या लक्षात आलं की या वेळी ती गाण्याचे शब्द ऐकतेय, आणि बहीण झोपलीय त्या ओळीला तिला आपल्या भावाकडे बघावंसं वाटतंय.

"घेतलं," पेटी म्हणाली.

अप्पा बोटं चोळत आत आले. आजीनं ती आपल्या हातात घेतली आणि चोळायला लागली. नियम असेल तर असू दे. पेटी मात्र अजून कागदावर काहीतरी खुणा करत होती.

"टँबरीन राहिलंय," ती म्हणाली. "पहिल्या दोन कडव्यांत हवंय. ड्रमर सकाळीच गेला." तिनं खालच्या खणातून छोट्या झांजांचं, खंजिरीसारखं टँबरीन काढलं आणि बापापुढे धरलं.

"मला कशाला?" चष्मेवाला म्हणाला. "तीस वर्षं झाली. आत्याला दे."

"फोन टँबरीन वाजवत नाहीत," पेटी म्हणाली.

चष्मेवाल्यानं एकेकाकडे पाहिलं. आईनं मान फिरवली, बहिणीनं दार उघडून धरलं. तो आत गेला, स्टूल बाजूला सारलं, उभा राहिला, हेडफोन लावला. त्याला वाटत होतं त्यापेक्षा ती काच जवळ होती.

अप्पा पेटीच्या खुर्चीमागे येऊन थांबले. "टेबल, पाच मिनिटं जागा देता का?"

पेटी उठली.

अप्पा बसले, टेप सोडली. टँबरीन सुरू झालं. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्या कडव्यात, मध्यावर, ते अगदी केसभर मागे रेंगाळलं, कुणालाही कळणार नाही इतकं. गाणं संपलं. हिरवा दिवा लागला. आजीनं आत्याचा हात घट्ट धरला, कारण नवऱ्याची भुवई वर गेलेली तिला दिसली होती.

काचेपलीकडून चष्मेवाल्यालाही दिसली. तो टँबरीन छातीशी धरून उभा होता.

अप्पा माइकजवळ वाकले.

"टँबरीन, दुसऱ्या कडव्यात मागे पडताय. परत."

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. हसू काही त्याला आवरेना.

"हो," तो म्हणाला. "म्हणाल तितक्या वेळा."